न खाजणारी खरूज

खरूज म्हटले की आपल्याला पहिल्यांदा काय आठवते? खाज. उर्दूत तर या रोगाचे नावच 'खारिश' असे आहे. फारसी भाषेत 'खारीदन' म्हणजे खाजवणे. त्यावरून खारिश हा शब्द झाला. मराठीतील 'खरूज' हा शब्द संस्कृतातील 'खर्जू' या शब्दावरून आला. त्याचाही अर्थ खाजच. रोगाला खाजेचेच नाव मिळाले, यात नवल नाही. ज्याला खरूज होते, त्याला रात्रभर झोप लागत नाही.

पण विद्यार्थी मित्रांनो, याच रोगाचा एक दुर्मीळ प्रकार असा आहे, की त्यात खाज फार कमी सुटते. कधी कधी तर मुळीच सुटत नाही. आणि आश्चर्य म्हणजे हाच प्रकार सर्वांत अधिक पसरतो. तो ओळखला नाही, तर एका माणसामुळे सारे घर महिनोन्‌महिने खाजवत राहते आणि याचे कारण कोणालाच कळत नाही. हा प्रकार डॉक्टर कसा ओळखतात आणि कसा बरा करतात, हे आपण या पाठात पाहणार आहोत. त्यासाठी आधी साधी खरूज समजून घेऊ.

खरूज हा रक्ताचा दोष नाही. ती वाईट पाण्यामुळे होत नाही, की एखादा पदार्थ खाल्ल्यामुळेही होत नाही. ती एका परोपजीवी किड्यामुळे होते. परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. हा किडा कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. त्याला आठ पाय असतात. मादी सुमारे ०.४ मिलिमीटर लांब असते. तुमच्या कंपासपेटीतील पट्टीवर एक मिलिमीटरची खूण पाहा. त्या खुणेएवढ्या जागेत दोन माद्या एकापुढे एक सहज मावतील. म्हणूनच हा किडा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

मादी आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बीळ खणते. ती दररोज थोडी थोडी पुढे सरकते आणि मागे दोन-तीन अंडी घालत जाते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. सुमारे दोन आठवड्यांत ती मोठी होतात आणि नवी बिळे खणू लागतात. मादी महिना-दोन महिने जगते. म्हणजे औषध घेतले नाही, तर हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग खाज का सुटते? किडा चावतो म्हणून नव्हे. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा या सर्व वस्तू शरीराला परक्या असतात. शरीर त्यांच्याशी लढू लागते. या लढाईमुळे त्वचा लाल होते, बारीक पुरळ उठते आणि खाज सुटते. शरीराला हा शत्रू ओळखायला वेळ लागतो. पहिल्यांदाच खरूज झाली असेल, तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात त्या माणसाला काहीही त्रास नसतो, पण किडे मात्र त्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

हा किडा माणसाला केव्हा सापडला, याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. बाराव्या शतकात अंदलूस, म्हणजे आजचा स्पेन, या देशात इब्न जुहर नावाचे प्रसिद्ध हकीम होऊन गेले. त्वचेखालून निघणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका जिवाचे वर्णन त्यांनी केले होते. पुढे इ. स. १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो नावाच्या तरुण डॉक्टराने पाहिले, की खरूज झालेल्या मुलांच्या कातडीतून त्यांच्या आया सुईच्या टोकाने काहीतरी बारीक काढून टाकतात. त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तो एक जिवंत किडा होता! बोनोमोने त्याचे चित्र काढले आणि हाच खरजेचे कारण आहे असे लिहिले. पण मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटले नाही. जवळजवळ दीडशे वर्षे ते रक्तदोषाच्याच गोष्टी बोलत राहिले. शेवटी १८३४ साली रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा होता आणि ही युक्ती त्याने तिथल्या गावातील बायकांकडून शिकली होती. पंडितांना जे दिसले नाही, ते खेड्यातल्या आयांना ठाऊक होते.

आता ही खरूज पसरते कशी, ते पाहू. त्यासाठी आपण दापोडीला जाऊ.

पुण्याहून मुंबईकडे जाताना मुळा नदीवरील पूल ओलांडला, की दापोडी लागते. पवना नदी येथेच जवळ मुळेला मिळते. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि पुढे पिंपरी-चिंचवडचे कारखाने सुरू होतात. कामासाठी ठिकठिकाणची माणसे इथे येऊन राहिली. जागा अपुरी आणि माणसे पुष्कळ. समजा, अशाच वस्तीत दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली आहे. तीत आजी, आईवडील आणि चार मुले राहतात. रात्री एकाच सतरंजीवर सगळे शेजारी शेजारी झोपतात. धाकटा मुलगा आजीच्या कुशीत झोपतो. खरजेच्या किड्याला एवढेच हवे असते. तो उडू शकत नाही, उडी मारू शकत नाही. त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिली, तरच तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर चालत जातो.

एक जुना समज असा होता, की खरूज मुख्यतः कपड्यांतून आणि पांघरुणांतून पसरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे आणि पांघरुणे निरोगी स्वयंसेवकांना वापरायला दिली. फारच थोड्यांना खरूज झाली. पण रुग्णांबरोबर एकाच अंथरुणात झोपणाऱ्यांना ती झाली. मेलनबीने आणखी एक गोष्ट शोधली. खाजवून हैराण झालेल्या रुग्णाच्या अंगावर सरासरी फक्त अकरा माद्या सापडतात! रुग्णाला मात्र वाटते, की अंगावर हजारो किडे आहेत.

तेव्हा खरूज म्हणजे घाणेरडेपणा, हा समज चुकीचा आहे. रोज साबण लावून अंघोळ करणाऱ्या माणसालाही ती होऊ शकते, कारण किडा त्वचेच्या आत असतो. साबणाने तो धुऊन जात नाही. खरूज गर्दीमुळे पसरते. वसतिगृहात, वृद्धाश्रमात, तुरुंगात आणि लहान घरांत ती अधिक आढळते, ती याच कारणाने.

आता डॉक्टर ती ओळखतात कशी? ते पहिल्यांदा काही प्रश्न विचारतात. खाज रात्री वाढते का? घरात आणखी कोणाला खाज सुटते का? मग ते अंग तपासतात. बोटांच्या बेचक्या, मनगटे, कोपर, काखा, बेंबीभोवतालची जागा, कंबर आणि जांघा या किड्याच्या आवडत्या जागा आहेत. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यावरही पुरळ येते. काळजीपूर्वक पाहिले, तर बोटांच्या बेचक्यांत एखादी बारीक, नागमोडी रेघ दिसते. ते किड्याचे बीळ. ते नीट दिसावे म्हणून एक सोपी युक्ती आहे. संशयित जागेवर फाउंटन पेनची शाई लावतात आणि लगेच पुसून टाकतात. वरची शाई निघून जाते. बिळात शिरलेली शाई मात्र राहते आणि रेघ स्पष्ट उमटते.

पूर्ण खात्री करायची असेल, तर डॉक्टर त्या जागेवर तेलाचा एक थेंब टाकतात, वरची त्वचा हलकेच खरवडतात आणि ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. किडा, अंडे किंवा विष्ठेचे कण दिसले, की निदान पक्के झाले. आता डर्मोस्कोप नावाचे भिंगही मिळते. त्यातून किड्याचा पुढचा भाग इवल्याशा काळपट त्रिकोणासारखा दिसतो आणि त्याच्या मागे बिळाची रेघ असते. आकाशात उंच उडणारे जेट विमान आणि त्याच्या मागची पांढरी रेघ तुम्ही पाहिली आहे ना? अगदी तसेच ते दिसते.

साध्या खरजेवर उपाय अवघड नाही. पर्मेथ्रिन हे मलम रात्री मानेपासून पायाच्या नखांपर्यंत सगळ्या अंगाला लावतात. जिथे खाज आहे तेवढ्याच जागी नव्हे, तर सगळ्या अंगाला! आठ ते चौदा तासांनी अंघोळ करतात. सुमारे आठवड्याने मलम पुन्हा एकदा लावतात, म्हणजे मागाहून अंड्यांतून निघालेली पिल्लेही मरतात. बेंझिल बेंझोएट नावाचे पातळ औषधही पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे. आयव्हरमेक्टिन नावाच्या गोळ्याही आहेत. जपानमधील सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञांना मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. त्याच्यापासून पुढे हे औषध तयार झाले. त्यासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या गोळ्या वजन पाहून देतात. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या सहसा देत नाहीत. म्हणून त्या मनाने घेऊ नयेत.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक अशी, की ज्याला खाज आहे, त्यालाच औषध लावतात. मघाशी सांगितलेली गोष्ट आठवा. घरातील इतरांच्या अंगावर किडे असतील, पण त्यांची खाज अजून सुरू झालेली नसेल. त्यांना औषध लावले नाही, तर बरा झालेला मुलगा पंधरा दिवसांत पुन्हा खाजवू लागतो. मग घरचे म्हणतात, "औषधाला गुणच नाही!" खरे तर औषध चांगले होते, पण ते घरात सगळ्यांनी एकाच दिवशी लावायला हवे होते.

दुसरी चूक अधिक घातक आहे. खाज सुटली, की कोणीतरी औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" असे म्हणतो. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने शरीराची लढाई मंदावते, म्हणून लाली आणि खाज कमी होते. पण किडा मरत नाही. उलट त्याला मोकळे रान मिळते. रोगाचे रूप बदलते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला.

प्रतिजैविकांचेही असेच आहे. दापोडीपासून जवळच पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके जीवाणूंना मारतात. खाजवून झालेल्या जखमांत जीवाणू शिरले आणि पू झाला, तर त्यांचा उपयोग होतो. तो उपचार करायलाच हवा, कारण अशा जखमांतील काही जीवाणूंमुळे मागाहून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. पण पेनिसिलीनने खरजेचा किडा मरत नाही. जखमेचे औषध वेगळे आणि किड्याचे औषध वेगळे.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. दापोडीच्या त्या खोलीत सगळ्यांनी औषध लावले, तरीही दीड-दोन महिन्यांनी मुले पुन्हा खाजवू लागली, असे समजा. पुन्हा औषध लावले, पुन्हा खरूज आली. असे का होत असेल? अशा वेळी हुशार डॉक्टर विचारतात, "घरात आणखी कोण आहे?" उत्तर मिळते, "आजी आहे, पण तिला खाज नाही. तिचे हातपाय कोरडे पडले आहेत, एवढेच. वयामुळे असेल."

आजीचे हात पाहिले, तर काय दिसते? बोटांवर आणि तळहातांवर जाड, राखाडी, भेगाळलेल्या खपल्या. नखे जाड झालेली आणि त्यांच्याखाली भुसा साठल्यासारखा. कोपरांवर, पायांवर, कधी डोक्यावर आणि कानांवरही तशाच खपल्या. अंथरुणावर रोज सकाळी कोंड्यासारखा पापुद्रा पडलेला. हीच ती दुर्मीळ खरूज. तिला आपण 'खपल्यांची खरूज' म्हणू.

या प्रकाराचे वर्णन पहिल्यांदा नॉर्वे देशातील डॅनिएलसन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४८ साली केले. कुष्ठरोगाच्या रुग्णांमध्ये त्यांना ती आढळली होती. त्यामुळे १८६२ साली व्हिएन्नाचे डॉक्टर हेब्रा यांनी तिला 'नॉर्वेची खरूज' असे नाव दिले. हे नाव पुष्कळ वर्षे चालले. पण ती काही नॉर्वेतच होते असे नाही. ती कोणत्याही देशात होऊ शकते. म्हणून आता ते नाव मागे पडले आहे.

किडा मात्र तोच असतो. बदललेले असते ते माणसाचे शरीर. ज्याच्या शरीराची लढण्याची शक्ती कमी झाली आहे, त्याच्या अंगावर किड्यांना कोणी अडवत नाही. अकरा माद्यांच्या जागी हजारो, कधी कधी लाखो किडे होतात. फार म्हातारी माणसे, एचआयव्हीचे रुग्ण, मूत्रपिंड बदललेले रुग्ण, पुष्कळ दिवस स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांना हा धोका असतो. ज्यांना खाज जाणवत नाही किंवा खाजवता येत नाही, त्यांनाही तो असतो. उदाहरणार्थ, कुष्ठरोगामुळे हातापायांना बधिरता आलेली माणसे किंवा पक्षाघाताने अंथरुणावर पडलेली माणसे. खाजवण्यानेही काही किडे निघून जातात. ज्याला खाजवता येत नाही, त्याचे किडे वाढतच राहतात.

आता कोडे सुटले ना? खाज ही शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा आहे. आजीच्या घरात चोर तर पुष्कळ शिरले, पण घंटा वाजलीच नाही. म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नाही.

खपल्यांची खरूज ओळखणे सोपे नाही. ती सोरायसिस, इसब किंवा साध्या कोरड्या त्वचेसारखी दिसते. सोरायसिस समजून स्टेरॉइडचे मलम लावले, तर ती आणखी वाढते. पण एकदा संशय आला, की खात्री करणे फार सोपे असते. नखाखालचा थोडासा भुसा किंवा खपलीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन पाहिला, तर एकाच वेळी कितीतरी किडे आणि अंडी दिसतात. साध्या खरजेत एक किडा शोधायला कष्ट पडतात. इथे मात्र शोधावे लागत नाही. कठीण असते ते फक्त संशय घेणे. म्हणून डॉक्टरांना एक गोष्ट सांगायला कधीही विसरू नका: "घरात आणखी कोणाकोणाला खाज सुटते."

या खरजेचा उपचार घरच्या घरी करण्यासारखा नसतो. कधी कधी रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवावे लागते. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत असे उपचार होतात. दापोडीच्या लोकांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. डॉक्टर तीन बाजूंनी उपाय करतात. एक, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. त्या एक-दोनदा देऊन भागत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी, आणि रोग जास्त असेल तर त्यापुढेही ठरलेल्या दिवशी देतात. दोन, पर्मेथ्रिनचे मलम. ते डोक्यापासून पायापर्यंत, नखे कापून नखांखालीसुद्धा, पहिल्या आठवड्यात रोज किंवा एक दिवसाआड लावतात. तीन, खपल्या मऊ करणारे मलम. जाड खपल्यांच्या आत किड्यांना आसरा मिळतो आणि औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सॅलिसिलिक आम्लाचे मलम लावून आणि कोमट पाण्याने अंघोळ घालून खपल्या हळूहळू काढतात.

साध्या खरजेत कपड्यांतून धोका थोडा असतो. खपल्यांच्या खरजेत तो मोठा असतो, कारण गळून पडलेल्या प्रत्येक पापुद्र्यात किडे असतात. म्हणून अंथरूण, पांघरूण, टॉवेल आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल, तर जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर तसेच ठेवावे. माणसाच्या अंगाशिवाय किडा फार दिवस जगत नाही. खोली रोज झाडून स्वच्छ करावी. रुग्णाची सेवा करणाऱ्याने हातमोजे घालावेत. आणि त्याच दिवशी घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, औषध घ्यावे.

'सगळ्यांनी एकदम' हा उपाय किती गुणकारी आहे, याचा पुरावा फिजी या देशातून मिळाला. तिथे वेगवेगळ्या बेटांवरील लोकांची पाहणी केली. काही ठिकाणी फक्त खरूज झालेल्यांना आणि त्यांच्या सहवासातील लोकांना नेहमीप्रमाणे मलम दिले. तिथे वर्षभरात खरजेचे प्रमाण शंभरातील ३७ जणांवरून १९ जणांवर आले. दुसऱ्या ठिकाणी सर्व लोकांना आयव्हरमेक्टिन दिले. तिथे हेच प्रमाण ३२ वरून दोनवर आले! ही माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला, म्हणजे जगातील सरकारांनी तिच्याकडे लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. औषधाने किडे मेले, तरी त्यांचे अवशेष त्वचेत काही दिवस राहतात. त्यामुळे साध्या खरजेत दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. घाबरून रोज रोज मलम चोळू नये. त्याने त्वचा जळजळते. चार आठवड्यांनंतरही खाज गेली नाही किंवा नवीन पुरळ आले, तर पुन्हा डॉक्टरांना भेटावे. कुत्र्यालाही खरूज होते, पण तिचा किडा थोडा वेगळा असतो. तो माणसाच्या अंगावर आला, तर थोडे दिवस खाज सुटते. मात्र तो तिथे वंश वाढवू शकत नाही.

मित्रांनो, हा रोग जितका किड्यामुळे त्रास देतो, तितकाच लाजेमुळे देतो. लोक काय म्हणतील, या भीतीने माणसे तो लपवतात. वर्गातील मुले खरूज झालेल्या मुलाला बाकावरून उठवतात. साध्या खरजेचे औषध नीट लावल्यावर तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येऊ शकतो, हे त्यांना माहीत नसते. म्हाताऱ्या माणसांची स्थिती तर अधिक वाईट. त्यांची कातडी अशीच असायची, असे समजून कोणी त्यांचे हात हातात घेऊन पाहत नाही. मग कळते, तेव्हा घरचे त्यांनाच दोष देतात. दोष त्यांचा नसतो. त्यांच्या शरीराची शक्ती कमी झालेली असते आणि त्यांना दुखते-खुपते ते सांगताही येत नाही.

तुमच्या घरी दादी, नानी, दादा किंवा नाना असतील. त्यांची नखे कापायला बसाल, तेव्हा बोटांच्या बेचक्या पाहा, नखांखाली पाहा, कोपर आणि टाचा पाहा. जाड खपल्या दिसल्या आणि घरात इतर कोणी रात्री खाजवत असेल, तर ट्यूब आणायला दुकानात धावू नका. त्यांना बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना सगळ्या घराची हकिकत सांगा. हा रोग पूर्ण बरा होतो.

शब्दार्थ
परोपजीवी – दुसऱ्या जिवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून जगणारा
निदान – रोग कोणता, हे ओळखणे
नागमोडी – सापासारखी वळणे असलेली
बेचका – दोन बोटांमधील जागा
प्रतिजैविक – जीवाणूंना मारणारे औषध
बधिरता – स्पर्श न जाणवणे
दुर्लक्षित – ज्याकडे लक्ष दिले गेले नाही असा
मोकळे रान मिळणे – कोणाचीही अडवणूक न होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खरूज कशामुळे होते?
(आ) रेनुचीला किडा काढण्याची युक्ती कोणी शिकवली?
(इ) पहिल्यांदा खरूज झाल्यावर खाज सुरू व्हायला किती दिवस लागतात?
२. कारणे द्या.
(अ) घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे.
(आ) खपल्यांच्या खरजेत खाज कमी सुटते, तरी ती अधिक पसरते.
(इ) स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नये.
३. शाईच्या युक्तीने किड्याचे बीळ कसे ओळखतात, ते पाच-सहा ओळींत लिहा.
४. 'खाज ही धोक्याची घंटा आहे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. खरूज, खाज, खाजवणे या शब्दांसाठी तुमच्या घरी कोणते शब्द वापरतात? घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.